तेरा ढेपा आणि वर एक खडा

१२ फेब्रुवारी १९८६, बुधवार

एकशे एकतीस.

डॉक्टरांकडचा काटा एकशेवीसला संपतो. सुई तिथे जाऊन थरथरत राहिली. डॉक्टर म्हणाले, "बाहेर कुठेतरी करून या." बाहेर कुठे? शेवटी केरूच्या वखारीत गेलो. जळाऊ लाकूड मोजतात त्या फळीवर उभा राहिलो. केरू म्हणतो, "ओलं लाकूड असलं की मी पाच किलो वजा धरतो. तू सांग, सुका का ओला?" त्याचे दोन हमाल खो खो हसले. दुसरा कोणी असता तर तिथल्याच ओंडक्याने डोकं फोडलं असतं. पण केरू आईच्या वेळचा माणूस. तिला ताई म्हणायचा. सोडून दिलं.

आकडा हवाय मामाला. रावजीमामा मुंबईत एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे. त्याचं पत्र आलंय — 'अमेरिकेहून शिकून आलेले एक डॉक्टर आमच्याकडे लागले आहेत. ऑपरेशन करून पोट लहान करतात. मग माणूस जास्त खाऊच शकत नाही आणि उतरत जातो. धर्मादाय खाटेचं मी बोललो आहे. वजन किती ते खरं कळव, लाजू नको.'

लाजू नको म्हणे.

दुपारपासून तेच डोक्यात फिरतंय. ऑपरेशन झालं की मी एक दिवस समोर एस.टी. स्टँडवर जाईन, लांज्याची गाडी लागलेली असेल, आणि —

पुढचं लिहीत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाच चाळीसची लांजा. तुळसा डावीकडच्या तिसऱ्या खिडकीत. वहीने वारा घेत होती. आमची खानावळ स्टँडच्या समोर, म्हणून हे रोज दिसतं. नशिबात तेवढंच आहे.

दीड वर्ष झालं कॉलेज सोडून. दुसरं वर्ष, इतिहासाचा तास. बाक मोडला. म्हणजे मी बसलो आणि मोडला. मी खाली, अंगावर वह्या, आणि अख्खा वर्ग फिदीफिदी. मान वर केली तर पहिली दिसली ती तुळसा. तोंडावर पदर, खांदे हलतायत. उठलो आणि शेजारी जो सापडला त्याच्या कानाखाली वाजवली. तो मन्सूर निघाला. तो हसत नव्हता, मला उचलायला वाकला होता. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी म्हटलं, बाकाने मागावी. आणि घरी आलो तो आलोच.

मन्सूरच्या बापाची लाँच आहे, खानावळीत मासळी त्यांचीच येते. दुसऱ्या दिवशी मन्सूर नेहमीसारखा पाटी घेऊन दारात. गाल सुजलेला. "मेल्या, तो हात आहे का वल्हं?" एवढंच बोलला. मी अजून त्याची माफी मागितलेली नाही.

बाबांचं एक नवीनच. नवीन कसलं, आई गेल्यापासूनचं. भर दुपारी गल्ल्यावर बसून पेंगतात. आज एक गिऱ्हाईक दोनदा ताक मागून उठून गेलं. रात्री मला हलवून हलवून उठवणार, "बाळा, कूस बदल", आणि दिवसा स्वतः पेंगणार. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "झोपायचं असेल तर घरी जा ना!" बाबा दचकले, "हां, हां" म्हणाले आणि स्वतः ताक आणायला उठले.

चुकलंच माझं. पण रोज तेच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आत्याला ऑपरेशनचं सांगितलं. यमुनाआत्या बाबांची थोरली बहीण. आई गेल्यापासून खानावळीची चूल तिच्याकडे. भाकरी थापता थापता थांबली.

"पोट काय झंपर आहे, टिपा घालून बारीक करायला?"

मग मुद्द्यावर आली. नवसाची तुला. मला वाटलंच होतं.

मी अकरा महिन्यांचा असताना डांग्या खोकल्याने जायला आलो होतो. आईच्या माहेरची देवी नवलाई, लांज्याच्या पुढे गाव आहे. आईने तिला नवस बोलला — पोर जगू दे, तुझ्या दारात गुळाने तुला करीन, पोराच्या वजनाइतका गूळ गावाला वाटीन. मी जगलो. दुसऱ्या वर्षी सगळे निघाले तर आईच म्हणाली, "एवढ्याशा पोराची तुला? एक ढेप पण लागायची नाही. बघणारे काय म्हणतील? थोडं अंगावर धरू दे." म्हणून खायला घातलं. पुढच्या वर्षी गोवर आला, तेव्हा उतरलो, परत खायला घातलं. मग खानावळ सुरू केली, तेव्हा वेळ नव्हता. मग गुबगुबीत झालो तशी तिलाच हौस वाटायला लागली, अजून थोडा होऊ दे. बारा वर्षांचा झालो तेव्हा साठ किलो होतो आणि मीच सांगितलं, मी तराजूत बसणार नाही. आई रडली होती. मी भात टाकून उठलो होतो.

आत्या म्हणते, "आधी नवलाईला वजन दे, मग तुला काय कापायचं ते काप."

"आधी ऑपरेशन. पन्नास किलो उतरले की बसतो."

"देवीला फसवतोस?"

"फसवणं कसलं? आईने वजनाइतका म्हटलं होतं. किती वजन ते कुठे म्हटलं होतं?"

तिने उलथनं आपटलं, मी ताट आपटलं. बाबा मधे येऊन हळू म्हणाले, "गिऱ्हाईकं बसलीयत." संपलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज आत्याने घावनं केली, नारळाच्या रसाबरोबर. बारा खाल्ली. बोलत नाहीये माझ्याशी, पण वाढत होती.

आईचं शेवटचं घावन जाड असायचं. उरलेलं सगळं पीठ एकदम तव्यावर ओतायची. कडा कुरकुरीत, मधे लुसलुशीत. ते माझं. कोणी मागायचं नाही.

खानावळ नवी होती तेव्हा बाबांनी दारात एक छोटा बाक टाकला होता. मला तिथे बसवून आई वाढायची. सहा वर्षांचा असेन. गाडीतून उतरणारी माणसं माझ्याकडे बघायची आणि आत शिरायची. कोणी बाबांना विचारलं, अहो दारावर पाटी नाही? तर बाबा म्हणायचे, "पाटी बसलीय की जेवायला." मला काय वाटायचं! सगळ्या रत्नागिरीत माझ्याएवढं महत्त्वाचं कोणी नाही असं. बाबा तेव्हा खूप बोलायचे.

दुपारी गिऱ्हाईकं संपली की आई पडवीत आडवी व्हायची आणि मी तिच्या पोटाशी. पातळाला आमसुलाचा आणि फोडणीचा वास. ती घोरायची आणि मधेच थांबायची. एकदम शांत. मग मी मोजायचो. एक, दोन, तीन, चार. सातला ती मोठा श्वास घ्यायची आणि गाडी परत सुरू. कधी नऊला. मग मी आत्याला ओरडून सांगायचो, "आज नऊ!" सगळे हसायचे. आई जागी होऊन विचारायची, काय झालं? सांगितलं की ती पण हसायची, पोट हलायचं आणि माझं डोकं त्याच्यावर हलायचं.

मला कोणी विचारलं की तुला परत कुठे जायचंय, तर मी तिथे जाईन. पडवीत.

२८ फेब्रुवारी

तुळसा आली नाही. गाडी भरून गेली आणि मला रिकामी दिसली.

१० मार्च, सोमवार. मुंबई.

मामाच्या खोलीवर.

डॉक्टर हडकुळे. मनगटं काडीसारखी. बघूनच डोकं तापलं. काय काम करता? म्हटलं, खानावळीत. "वाढता की खाता?" मी उठणारच होतो, मामाने खांदा दाबला.

मग त्यांनी कागदावर एक पिशवी काढली. वरच्या अंगाला टिंबांची रांग. "या स्टीलच्या पिना. यांच्या वर लिंबाएवढी जागा उरते. तेवढं तुमचं पोट. खालची वाट चिंचोळी."

"मग?"

"मग चार घासांत भरता. पाचवा घेतलात की उलटी. महिना-दोन महिने नव्हे, जन्मभर. भाकरीचा तुकडा पीठ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही. आणि सरबतं पीत, आइस्क्रीम खात बसलात तर पिना असून वजन परत चढेल, तेव्हा माझ्या नावाने ओरडायचं नाही. वर्षावर्षाला दाखवायला यायचं. तुमच्या वजनाच्या माणसाला भूल देणं पण सोपं नाही. टेबलावर जीव जाऊ शकतो. ऐकलंत? तरी हवंय?"

"हो."

"कशासाठी?"

"तब्येतीसाठी."

"मुलगी कोण?"

मामाला खोकला आला.

"मुलीसाठी असेल तर घरी जा. मुली लग्न करून जातात, पिना राहतात."

एवढं मी ऐकून घेतलं. खरंच घेतलं. मग त्यांनी विचारलं, झोप कशी? मामाच बोलला, "काल अख्खी चाळ जागी होती हो. आणि मधेच श्वास थांबतो, आपल्यालाच धास्ती." डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. आईवडील? म्हटलं, वडील आहेत, आई चार वर्षांपूर्वी गेली. झोपेत. एकेचाळीस वर्षांची होती.

"अंगाने?"

"माझ्यासारखी."

"घोरायची? थांबायची?"

"सातपर्यंत."

"काय सातपर्यंत?"

मी सांगितलं. पडवीतलं सगळं. का सांगितलं कोण जाणे, आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "तो खेळ नव्हता. तो आजार आहे. जाड माणसाचा गळा झोपेत मिटतो. हृदयावर ताण येत राहतो. आणि कधीतरी श्वास परत येत नाही. तुम्हालाही तोच आहे."

"माझ्या आईला काही आजार नव्हता!"

खुर्ची आडवी केली आणि बाहेर आलो. कागद मामाने उचलून आणलाय. त्याच्या उशाखाली आहे. मी बघणार नाही.

१३ मार्च, गुरुवार

परत आलो. बाबा मागच्या दारी डाळिंब्या सोलत बसले होते.

"आई झोपेत थांबायची ते तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"हलवायचो. खांद्याला धरून हलवलं की श्वास घ्यायची. रोजचंच होतं ते. डॉक्टरला काय सांगायचं, बायको घोरते म्हणून?"

सोलत राहिले. सालं एकीकडे, डाळिंब्या एकीकडे.

"ती गेली तेव्हा जत्रेची गर्दी होती. दोन दिवस पाठ टेकली नव्हती. मला झोप लागली."

एवढंच. चार वर्षं लोक येऊन सांगतायत, झोपेत गेली, भाग्याची. बाबा प्रत्येकाला मान हलवतात.

आत्या दारात उभी होती. म्हणाली, "आम्ही हसायचो रे," आणि आत गेली.

संध्याकाळी पाच चाळीस कधी निघून गेली कळलं नाही. दिवे लागल्यावर आत्या माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "सावित्रीने नवलाईला काय सांगितलं होतं ठाऊक आहे ना? जाडा होऊ दे नव्हतं सांगितलं. जगू दे सांगितलं होतं." मग बराच वेळ पदराची गाठ सोडत आणि बांधत राहिली. "तू आहेस तसा तुलेला बस. मग मी येते मुंबईला, पेज करून घालायला. तिथल्या बायकांना काय जमणार पेज."

म्हटलं, बसतो.

ऑपरेशनचं मात्र काही बोललो नाही. तुलेला बसतो एवढंच म्हटलं.

२९ मार्च, शनिवार

झाली तुला. सगळं लिहून ठेवतो.

शिमग्याची पालखी गावात होती म्हणून मुंबईची माणसं पण आलेली. म्हणजे बघायला दुप्पट. देवळाच्या तुळईला मोठा काटा बांधला. दोर मन्सूरने आणला, लाँचवरचा. मी दोर ओढून बघत होतो तर म्हणाला, "घाबरू नको, याने आम्ही इंजिन उचलतो. तू काय, नुसताच डबा." गुरव हसला. मी पण हसलो. मन्सूर दिवसभर देवळाच्या पायरीशी उभा होता, गाठ सरकते का बघत.

एका फळीवर मी बसलो. दुसऱ्या फळीवर दहा-दहा किलोच्या ढेपा. पोरं मोठ्याने मोजायला लागली. एक! दोन! तीन! मला वाटलं होतं कोणीतरी काहीतरी बोलेल आणि मी उठून त्याला मारीन. चार! पाच! सहा! सातला मी डोळे मिटले. आठ, नऊ, दहा, पोरं मोजतच होती.

तेराला फळी हलली, पण सुटली नाही. बाबांनी फोडलेल्या ढेपेतला एक खडा घेतला, किलोभराचा असेल, आणि अलगद वर ठेवला. माझे पाय जमिनीवरून सुटले.

लहानपणापासून मला कोणी उचललेलं नाही. विसरलोच होतो कसं वाटतं ते.

चिमा म्हणून एक म्हातारी आहे, आईच्या शेजारची. ती पुढे आली, माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "हा सावित्रीचा? बाय माझे, ओंजळीत मावायचा हा." आणि आपली ओंजळ सगळ्यांना दाखवत सुटली.

गुळाच्या रांगेत तुळसा. तिचं गाव पलीकडचंच, मला माहीत होतं. हातात पितळी डबा. मी गूळ घालत होतो. माझ्यासमोर आली. म्हटलं आता नाही तर कधीच नाही.

"बाक मोडला तेव्हा तुम्ही हसलात."

"हसले," ती म्हणाली. "माणूस धप्पकन पडलं की हसू येतं. तुम्ही उठून मन्सूरला मारलंत, तेव्हा गेलं हसू."

"मी ऑपरेशन करायचं म्हणतोय."

"मन्सूर बोलला. कोणासाठी ते पण बोलला." डब्याचं झाकण लावत होती, लागत नव्हतं. "माझं नाव घालू नका त्यात. तुमचं काही बरंवाईट झालं तर मी कुठे तोंड दाखवू? आणि बारीक झालात तर मी काय, बक्षीस?"

कान तापले होते, पण राग नव्हता. काय होतं ते?

"जूनपासून मी चिपळूणला चाललेय. मामाकडे. तिथे शाळेत जागा आहे." मग एक तुकडा तोंडात टाकला. "चांगला आहे गूळ," म्हणाली आणि गेली.

येताना मन्सूरला म्हटलं, तू तिला सांगितलंस कशाला? तो म्हणाला, "तू जन्मात सांगणार नव्हतास. आता मार, दुसरा गाल आहे." मी त्याची माफी मागितली. बाकाची. तो म्हणाला, "दीड वर्ष लागलं तुला. एवढ्यात लोक दुबईला जाऊन परत येतात."

६ एप्रिल, रविवार

तुळसा गेली हिशोबातून. तरी पोट आहेच.

आता खरं कठीण झालंय. ती होती तोवर सोपं होतं, डोळे मिटून उडी मारायची. आता कोणासाठी? रोज सकाळी वाटतं करायचं, आणि जेवायला बसलो की वाटतं नको. दोन्ही वेळा खरंच वाटतं.

अख्खं घावन परत कधी नाही. आईचं ते शेवटचं जाड घावन, ते तर गेलंच आहे चार वर्षांपूर्वी. पण मी अजून खातोय ते. बारा घावनं खाऊन तेरावं शोधतो. आज आत्याला म्हटलं, उरलेलं पीठ एकदम ओत. तिने ओतलं. कडा कुरकुरीत, मधे लुसलुशीत, सगळं तसंच. खाल्लं. नव्हतं ते.

भीती वाटते. टेबलावर जाण्याची नाही एवढी. उठल्यावर मी कोण असेन याची. दारातली पाटी काढली तर खानावळ कुठली ते कळेल का माणसांना?

२० एप्रिल, रविवार

ऑपरेशनच्या फॉर्मवर सही केली. डॉक्टरांना पत्र पण लिहिलं, खुर्चीबद्दल माफी असावी. मामाकडून त्यांचा निरोप आला — खुर्ची ठीक आहे, आता कशासाठी करताय ते सांगा. एका ओळीत उत्तर पाठवलं. मला सातच्या पुढे जायचं नाही.

बाबांना फॉर्म दाखवला. वाचला, घडी घातली, परत दिला. म्हणाले, "मी पण येतो. खानावळ बंद ठेवू." आमची खानावळ आई गेली तेव्हा तीन दिवस बंद होती. तुलेचा दिवस सोडला तर त्यानंतर कधीच नाही.

८ मे. मुंबई.

जिवंत आहे. सहा चमचे पाणी. खूप दुखतं.

२५ मे, रविवार

घरी. फणस पिकलाय, आत्याने सांदणं केली. वास सगळ्या घरभर. अर्धं खाल्लं, पाव तास चावत. उरलेलं अर्धं ताटात होतं आणि मी रडलो. आत्याने ते उचलून स्वतः खाल्लं.

डॉक्टर बरोबर होते. कापणं सोपं, जन्मभर चार घासांत उठणं कठीण.

९ नोव्हेंबर, रविवार

शहाण्णव. डॉक्टरांच्या काट्यावर मावलो.

आज दुपारी बाबा गल्ल्यावर ताठ बसलेले. एकदाही पेंगले नाहीत. गिऱ्हाईकांशी गप्पा, कोणाला तरी ती पाटीची गोष्ट सांगत होते. मी जवळ जाऊन चिडवलं, "आज काय बाबा, झोप झालेली दिसते."

माझ्या खांद्यावर हात ठेवला. जागा ओळखीची होती, रात्री हलवतात ती.

"हो," म्हणाले. "काल रात्री मला झोप लागली."